होरी उशिरा आली

बोरिवलीतल्या एका शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. नोकरीतला पहिलाच पावसाळा. पाचवीच्या वर्गात गोराईहून येणारी एक मुलगी होती. सकाळी खाडी ओलांडून अलीकडे यायचं आणि मग शाळा गाठायची, हा तिचा रोजचा शिरस्ता. एक दिवस पहिला तास अर्धा उलटल्यावर ती दारात येऊन उभी राहिली. दप्तरावर प्लास्टिकची पिशवी, वेण्यांतून पाणी निथळतंय. उशीर का झाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बाई, होरी उशिरा आली.”

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी “होली है” असं ओरडलं. मी वर्गाला गप्प करायला हवं होतं. ते सोडून मी तिलाच म्हटलं, “होरी नाही गं, होडी. म्हण बघू, होडी.” तिने म्हटलं. मी आणखी एकदा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

पुढे वर्षभर तिच्या तोंडून ‘होडी’ अगदी स्वच्छ आलं. पण त्याआधी ती मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन कितीतरी सांगायची. वलांडीवर बोंबील तोंडात तोंड अडकवून कसे वाळत घालतात, नारळी पौर्णिमेची तयारी कधीपासून सुरू होते, उधाणाच्या दिवशी आजी कुणाला पाण्याकडे फिरकू देत नाही. ते सगळं थांबलं. मी काही विचारलं की उत्तर यायचं, एका वाक्यात, पुस्तकातल्यासारखं. दहा वर्षांची ती पोर प्रत्येक शब्द तोंडाबाहेर काढण्याआधी तपासून बघत होती, आणि ज्याची खात्री नाही तो शब्द आतच ठेवत होती.

कोळ्यांच्या बोलीत शब्दाच्या मधल्या ‘ड’चा ‘र’ होतो, गाडीची गारी होते आणि होडीची होरी, हे मला ठाऊक होतं. कॉलेजात भाषाशास्त्राच्या पेपरात हेच लिहून मी गुण मिळवले होते. वर्गात उभं राहिल्यावर मात्र त्यातलं काही आठवलं नाही. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेलेला शब्द मी चाळीस मुलांसमोर चूक ठरवला. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच तुम्हां पालकांना हे पत्र.

त्यानंतर घाटकोपर, मुलुंड, अंधेरी अशा उपनगरांतल्या शाळांत माझी नोकरी झाली. पालकसभेत एक तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली असेल. “बाई, हा पानी म्हणतो हो.” “हिला ळ येतच नाही, शाला म्हणते.” “बिल्डिंगमध्ये हिंदी बोलून बोलून मराठीची पार वाट लागली.” काही जण हे हसत हसत सांगतात. मूल शेजारीच उभं असतं. काही जण चिडून सांगतात, तेव्हाही मूल शेजारीच उभं असतं. दोन्ही वेळा मी आधी त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघते.

मला तुम्हांला पहिल्यांदा हे सांगायचं आहे की आपण सगळ्या ‘पानी’ला एकाच मापाने मोजतो, आणि तिथेच घोळ होतो. आपण राहतो ते उपनगर, म्हणजे इकडे अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि तिकडे कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा पट्टा, ही जुनी साष्टी. इथे वेसावे, मढ, मनोरी, गोराईचे कोळी आहेत. भांडुप-मुलुंडच्या बाजूला आगरी आहेत. मरोळ, आंबोली, कुर्ला इथल्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत, आरेमध्ये आणि बोरिवलीच्या जंगलात वारली पाडे आहेत. त्यांतल्या कितीतरी घरांत पाण्याला ‘पानी’ आणि डोळ्याला ‘डोला’ म्हणतात. ते हिंदी ऐकून आलेलं नाही. ग्रिअर्सन या अभ्यासकाच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्यात कोकणपट्टीतल्या कोळी, आगरी अशा बोलींची नोंद आहे, आणि त्या तेव्हाच जुन्या होत्या. वरळी, परळ, लालबागची माणसं उपनगरात राहायला आली ती नंतर. 1982च्या गिरणी-संपानंतर तर गिरणगाव रिकामंच होत गेलं. कोकणातली, साताऱ्याकडची कुटुंबं आपापली बोली घेऊन कांजूर, भांडुप, बोरिवलीत आली. मग नोकरीच्या निमित्ताने विदर्भ-खानदेशातली आली. त्यांच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, काळ्याचा काया आणि डोळ्याचा डोया. बहिणाबाई चौधरींची कविता त्याच मातीतली, आणि तिला अशुद्ध म्हणायला आज कुणाची जीभ रेटेल?

म्हणजे ‘पानी’ म्हणणारी दोन मुलं एकाच बाकावर बसलेली असतात. एकाच्या घरी आजी-आजोबा तसंच म्हणतात. त्याला दुरुस्त करायचं नाही, त्याच्या हातात दुसरा शब्द द्यायचा: आजीशी पानी, निबंधात पाणी. मुलांना याचा त्रास होत नाही. घरातले कपडे आणि शाळेचा गणवेश यांतला फरक त्यांना बालवाडीतच कळलेला असतो. दुसऱ्याच्या घरी सगळे पाणी म्हणतात, पण तो दिवसातले दहा तास पाळणाघर, शाळा, क्लास आणि मोबाइल यांच्यात असतो, आणि तिथे त्याच्या कानावर ‘ण’ पडतच नाही. त्याचा प्रश्न कानाचा आहे. हसण्यासारखं दोघांतही काही नाही.

“मग काय बाई, सगळंच चालवून घ्यायचं?” असं एका वडिलांनी मला विचारलं होतं, जरा दुखावूनच. त्यांचं बरोबर होतं. नाही, सगळं चालवून घ्यायचं नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ हे मराठीत नुसते अलंकार नाहीत, अर्थ त्यांच्यावर उभा आहे. भिंतीला ओल येते आणि वहीत ओळ येते. नाल्यात गाळ साचतो, गाल मात्र आपल्या तोंडावर असतो. वेळ निघून जाते, वेल भिंतीवर चढते. ट्रकमध्ये माल असतो, गळ्यात माळ असते. मन वेगळं आणि तांदळाचा मण वेगळा. ज्या मुलाच्या कानाला हा फरक ऐकू येत नाही, त्याला अर्थ दर वेळी मागच्यापुढच्या शब्दांवरून ताडावा लागतो. मग वाचन जड जातं, आणि आपण म्हणतो याला मराठीची आवडच नाही.

त्यात आपल्या भोवतीच्या पाट्या. रोमन लिपीत ‘ळ’ला वेगळी खूण नाही, म्हणून इंग्रजी पाटी वाचणाऱ्याच्या तोंडी विक्रोळीचं विक्रोली होतं, मरोळचं मरोल होतं, टिळकनगरचं तिलकनगर होतं. वेसाव्याचं वर्सोवा तर इतकं पक्कं झालं की कोळीवाड्याबाहेर वेसावे हे नाव किती मुलांना माहीत असेल कोण जाणे. मोबाइलवर आपण स्वतः मराठी रोमन लिपीत लिहितो, आणि मुलं आपले निरोप वाचून शिकतात. निदान घरच्या गटावर तरी देवनागरीत लिहा, एवढी कळकळीची विनंती आहे. आजोबांना वाढदिवसाचा निरोप लिहिताना मुलाला ‘ळ’ची कळ शोधावी लागली, की तो अक्षर म्हणून तरी डोळ्यांत बसतो.

शेजारच्या परभाषिकांना दोष द्यायची सवय मात्र सोडून द्या. घाटकोपरला, मुलुंडला, बोरिवलीला आपल्या वरच्या मजल्यावर ज्या गुजराती बा राहतात, त्या पाणीच म्हणतात. गुजरातीत ‘ण’ आहे आणि ‘ळ’ही आहे. तमिळ, मल्याळम, कन्नड, तेलुगू, चारींत ‘ळ’ आहे. राजस्थानीत आहे, पंजाबी बोलण्यात आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात तो आहे. मुलाला ‘ळ’ ऐकवायचा असेल, तर मुलुंडच्या इमारतीत दोन जिने चढउतार केली तरी चार भाषांतला ऐकू येईल. तो विरतोय याचं कारण शेजारी नाहीत. आपण एकमेकांशी, शेजाऱ्यांशी आणि आपल्याच मुलांशी सोयीची म्हणून जी अर्धी हिंदी बोलतो, ते आहे.

आता कानाबद्दल थोडं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या दोन संशोधकांनी 1984 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. बाळांना फरक कळला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो कळत नव्हता, कारण इंग्रजीत तो फरकच नाही. पण हीच क्षमता दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये जवळजवळ मावळलेली दिसली. जे ध्वनी भोवती ऐकू येत नाहीत, ते ऐकण्याचं काम मेंदू वर्षाच्या आत सोडून द्यायला लागतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला घाटकोपरच्या पाळणाघरांतली बाळं आठवली. दुसरा प्रयोग सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कुल यांचा, 2003 सालचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा वेळा खेळली, त्यांनी गोष्टी वाचून दाखवल्या. बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ऐकू यायला लागले. दुसऱ्या गटाला त्याच माणसांची, तीच गोष्ट पडद्यावर दाखवली. त्या बाळांना काहीच आलं नाही.

“आम्ही त्याला मराठी बालगीतं लावून देतो” असं जे आई-बाबा मला सांगतात, त्यांना मी हा दुसरा प्रयोग सांगते. गाणी जरूर लावा. पण त्यांच्या जोडीला माणूस हवा, मांडी हवी, मुलाकडे बघून हलणारे ओठ हवेत. आणि ज्यांची मुलं आता सात-आठ वर्षांची झाली आहेत, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. वेळ गेलेली नाही. मी पंचविशीतल्या माणसांना ‘ळ’ शिकताना पाहिलं आहे. वेळ जास्त लागतो आणि धीर जास्त लागतो, इतकंच.

‘ण’ची एक गंमत मी प्रत्येक वर्गात करते, तुम्हीही करून बघा. मुलाला ‘अंडं’ म्हणायला सांगा. मग ‘घंटा’. मग ‘थंडी’. आता ‘अंडं’ म्हणता म्हणता ‘अं’वर थांबायला सांगा, जीभ आहे तिथेच ठेवून. तो ‘ण’ आहे. ट-ड यांच्या आधीचा अनुस्वार आपण सगळेच ‘ण’ असा उच्चारतो, म्हणजे तुमचा मुलगा रोज सकाळी नाश्त्याला ‘ण’ म्हणतोच आहे. त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. माझ्या वर्गात हे कळल्यावर मुलांचे डोळे असे चमकतात, की ज्याला ‘येत नाही’ म्हणून घरी ऐकवलं जातं, त्याला आपल्याकडे ते आधीपासून होतं हे समजणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तिथेच कळतं. ‘ळ’लाही असाच एक दरवाजा आहे. ‘उलटा’ भरभर म्हटलं की ‘ट’च्या ओढीने ‘ल’ म्हणतानाची जीभ मागे वळते. ती तिथे टेकवायची आणि पुढे सोडायची. आठ दिवस खेळासारखं करा. आरशासमोर, दोघांनी मिळून. जेवताना नको, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको.

एरवी दुरुस्तीचा माझा एकच मार्ग आहे. मूल म्हणालं, “आई, वेल झाली का?” तर “वेल नाही, वेळ” असं म्हणायचं नाही. “हो रे, वेळ झाली, चल, वेळेवर निघू या,” असं म्हणायचं. एका वाक्यात दोन-तीनदा बरोबर शब्द त्याच्या कानावर गेला, आणि त्याचं बोलणं तुटलं नाही. हे शंभर वेळा करावं लागतं. शंभर वेळा करायचं.

‘ण’ आणि ‘ळ’ निदान लिपीत तरी दिसतात. त्याहून नाजूक गोष्ट आहे ती आपल्या ‘च’ आणि ‘ज’ची. ‘चमचा’ म्हणून बघा, मग ‘चमचे’ म्हणा. ‘चा’ म्हणताना जीभ दातांच्या मुळाशी जाते, थोडा ‘त्स’सारखा आवाज येतो. ‘चे’ म्हणताना ती टाळूकडे सरकते. व्याकरणात याला दंततालव्य आणि तालव्य म्हणतात. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही तेच. अक्षर एक, ध्वनी दोन. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन्ही आपण सारखंच लिहितो, पण बोलताना वेगळं बोलतो. आपण राहायचो ती चाळ आणि बेरजेतले चार, यांचा ‘च’ एक नाही. हिंदीत हा फरक नाही, म्हणून हिंदीतून मराठीकडे आलेलं मूल चहा, चांगला, जागा, जेवण सगळं एकाच ‘च-ज’ने म्हणतं, आणि ‘जेवण’च्या बाबतीत ते बरोबरही असतं. लिपीत नसलेली ही गोष्ट पुस्तकातून कशी शिकवणार? ती आजीच्या तोंडातून नातवाच्या कानात जाते, नाहीतर जात नाही. म्हणून म्हणते, दोन परिच्छेद तरी रोज मोठ्याने वाचून दाखवा. झोपताना. तुमचा आवाज कसा आहे, तुम्हांला वाचता कसं येतं, याचा मुलाला काही फरक पडत नाही.

काही उच्चारांवरून मात्र मुलाला अजिबात टोकू नका. ज्ञानाला मराठीच्या तासाला ‘द्न्यान’ म्हणतात आणि हिंदीच्या तासाला ‘ग्यान’. आपण ‘अम्रुत’ म्हणतो, हिंदीवाले ‘अम्रित’. दोन्ही आपापल्या घरी बरोबर आहेत. मूल तासागणिक उच्चार बदलत असेल, तर त्याचे कान उत्तम आहेत असं समजा.

खरं सांगू का, ‘पानी’वरून एवढं रान उठवणारे आपण, ज्याच्याकडे लक्ष द्यायला हवं तिकडे बघतच नाही. परवा एक मूल म्हणालं, “बाई, मला थंडी लागते.” दुसरं म्हणालं, “मला भीती लागते.” तिसऱ्याने “आंघोळ घेतली”. सगळ्यांचे ‘ण’ आणि ‘ळ’ शाबूत होते, म्हणून कुणाच्या कानाला खटकलं नाही. मराठीत थंडी वाजते. भीती वाटते, भूक लागते, झोप येते, आंघोळ करतात, पाऊस पडतो, अंगावर काटा येतो. प्रत्येक गोष्टीचं स्वतःचं क्रियापद आहे. थंडी ‘वाजते’ असं म्हणणाऱ्या भाषेने दात वाजताना ऐकले आहेत. ही क्रियापदं गेली, की सगळ्यांच्या जागी ‘लागणं’, ‘करणं’, ‘घेणं’ एवढंच उरतं, आणि भाषा आतून पोकळ होत जाते. यात मुलाचा दोष शून्य. आपणच घरात “माझी हेल्प कर, मग बाथ घे” असं बोलतो. ‘मी म्हणाले’च्या जागी ‘मी बोलले’ ऐकून पुष्कळ जण कपाळाला आठ्या घालतात. मला त्याचा तेवढा जाच होत नाही, कारण कोळी-आगरी घरांत ‘बोलला’ पूर्वीपासून आहे. ‘भीती लागते’ मात्र ऐकलं की जीव तुटतो.

आता एक अवघड गोष्ट. मुलांच्या उच्चारांना आपण हसतो, तसं मुलंही हसायला शिकतात, आणि मग ती घरातल्या सर्वांत साध्या माणसाला हसतात. एका पालकसभेला कोल्हापूरकडच्या एक बाई आल्या होत्या. त्यांच्या गावी बायका ‘मी आले’ ऐवजी ‘मी आलो’ म्हणतात, तिकडची ती रीतच आहे. त्या म्हणाल्या, “मी मागच्या वेळेला बी आलो होतो.” शेजारी उभ्या असलेल्या सातवीतल्या लेकीने त्यांचा पदर ओढला, चेहरा लाल करून. त्या गप्प झाल्या. नंतर मी काही विचारलं तरी नुसत्या मान डोलवत राहिल्या. त्यानंतरच्या सभेला त्या आल्याच नाहीत, बाबा आले. ज्या बाईच्या तोंडात ओव्या असतील, म्हणी असतील, उखाणे असतील, ती आपल्या मुलीच्या शाळेत तोंड उघडायला घाबरली. मुलगी वाईट नव्हती. तिला कुणीतरी, कधीतरी, माझ्यासारख्याच एखाद्या बाईने, असं बोलणं हसण्यावारी न्यायला शिकवलं होतं.

आजोबा ‘टेशन’ म्हणतात, ‘हापीस’ म्हणतात, आजी बसच्या ‘इष्टापा’वर उभी राहते. इंग्रजी शाळेतला नातू त्यांना दुरुस्त करतो आणि आपण कौतुकाने हसतो. तेव्हा कृपा करून नातवाला जवळ घ्या आणि त्याला साष्टीची गोष्ट सांगा. सोळाव्या शतकात इथे पोर्तुगीज आले, 1739 साली मराठ्यांनी वसई घेईपर्यंत वसईत त्यांचं ठाणं होतं. त्यांच्या तोंडचे शब्द इथल्या माणसांनी ऐकले आणि आपल्या जिभेला झेपतील तसे उच्चारले. चावी, पगार, बटाटा, पाव, अननस, घमेलं. तेव्हाच्या एखाद्या पोर्तुगीज पाद्र्याच्या कानाला ते ‘टेशन’इतकेच चुकीचे वाटले असतील. आज अंधेरीच्या प्रत्येक घराची चावी त्याच चुकीच्या उच्चारातून आलेली आहे. आजोबांचं ‘टेशन’ हे शब्दाला मराठी करून घेणं आहे. त्याला वय आहे, आणि मान दिला पाहिजे.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कुणी माझ्या भरवशावर बसून राहील. सगळेच उच्चार सवयीचे किंवा बोलीचे नसतात. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला समजत नसेल, मूल अडखळत असेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येत असलेली मुलं वर्षानुवर्षं ‘हट्टी’ आणि ‘लक्ष नसलेली’ म्हणून ओरडा खातात, मी दोन पाहिली आहेत. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामासाठी आहे, तिथे कानांची तपासणीही होते आणि वाचोपचारही मिळतात. तिकडे जाण्यात लाज कसली? फक्त ‘ळ’ येत नाही एवढ्यासाठी मात्र मुलाला कुणाकडे नेऊ नका. त्याला घरी ‘ळ’ ऐकवा.

2020च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. तेव्हापासून माझ्या वर्गात घरी मराठी न बोलणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांचे पहिले पहिले प्रयत्न म्हणजे “मला पानी पिऊ शकते?” असे असतात. मराठी घरांतली मुलं त्यावर हसली, की मी हातातलं काम ठेवते. त्या एका वाक्यासाठी त्या मुलाने किती धीर गोळा केला असेल, हे मी त्यांना सांगते. तुमच्या सोसायटीच्या आवारात तुमचं मूल कुणाच्या मराठीला हसलं, तर तुम्हीही सांगा. रखवालदाराच्या, भाजीवाल्या भय्याच्या, नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाच्या. ज्याच्या मराठीला आपण हसलो, तो आपल्याशी पुन्हा मराठीत का बोलेल?

अलीकडे जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात, मी मुलांना एक काम देते. घरातला असा एक शब्द आणायचा, जो पाठ्यपुस्तकात नाही किंवा पुस्तकात वेगळा लिहितात. तो फळ्यावर लिहायचा आणि घरी जसा म्हणतात तसाच म्हणून दाखवायचा. वर्गाने तो नीट ऐकायचा आणि तसाच म्हणायचा. पहिला शब्द मी लिहिते. होरी. तो कुणाचा, कुठला, आणि मी त्याचं काय केलं होतं, हेही सांगते.

गेल्या वर्षी ‘शाया’ आला, ‘माका’ आला, ‘येऊन राह्यला’ आला. मग एक गुजराती मुलगा उठला. आदल्या वर्षभरात मराठीच्या तासाला तो फारसा बोललेला नव्हता. त्याने त्याच्या लिपीत, वर रेघ न ओढता, एक शब्द लिहिला आणि वाचला: “ओळख.” त्याचा ‘ळ’ इतका स्पष्ट, इतका गोल होता, की ‘शाला’ म्हणणारी दोन-तीन मराठी मुलं पुढे सरकून त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. “परत म्हण,” एक जण म्हणाला. त्याने म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं. खडू हातातच ठेवून तो माझ्याकडे वळला.

“बाई, हा तुमच्याकडे पण आहे?”